झुंबरची चोच

बारामतीत भिगवण चौकाच्या अलीकडे रविंद्रचं साउंड सर्व्हिसचं दुकान होतं. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साली त्या दुकानापुढे कायम चार माणसं रेंगाळलेली दिसत. आत गाणी चालू असत, पण ती माणसं गाण्यांसाठी थांबत नसत. ती झुंबरचे हात बघायला थांबत.

झुंबरच्या दहा बोटांतली चार उरली होती. उजव्याला नुसता अंगठा. डाव्याला अंगठा, करंगळी आणि तिची शेजारीण. अशा हातांनी तो सीडी बदलायचा आणि सीडीला बोट लागू द्यायचा नाही. त्यासाठी त्यानं एक हत्यार बनवलं होतं. वीतभर लांबीचा, मुठीत बसेल असा जाड लाकडी दांडा. वरच्या टोकाला बॉलपेनचं बटण. खालच्या टोकाला छत्रीच्या काडीचे तीन तुकडे, टोकं जराशी बाहेर वळवलेली. अंगठ्यानं बटण दाबलं की तिन्ही काड्या एकमेकींना बिलगायच्या. मग त्या सीडीच्या मधल्या भोकात घालायच्या आणि अंगठा सोडायचा. काड्या आत फाकायच्या आणि सीडी आतल्या कडेनं धरून ठेवायच्या. वर डाग नाही, खाली डाग नाही.

ह्या हत्याराला तो ‘चोच’ म्हणायचा.

सीड्यांचे प्लॅस्टिकचे डबे त्यानं केव्हाच माळ्यावर टाकले होते, कारण डब्यांचे दात त्याच्या हातांनी सुटत नसत. त्याच्या बायकोनं, म्हाळसानं, तिच्या जुन्या मऊ लुगड्याच्या पिशव्या शिवून दिल्या होत्या. पिशवी तिरकी केली की सीडी अलगद घसरून एका कापडी चुंबळीवर बसायची. चुंबळीच्या पोकळीत चोच उतरायची आणि सीडी हवेतून मशीनकडे निघायची. ती नेतानाही झुंबर हात जरा उंचावरून फिरवायचा, मागच्या रांगेतल्या माणसाला दिसावा तसा. रंगमंचाची सवय. ती बोटांबरोबर तुटत नाही.

मी बावीस वर्षं ह्या माणसाच्या ढोलकीवर नाचले. माझे पाय पुढे काय करणार ते मला कळायच्या आधी त्याच्या बोटांना कळायचं. लोक माझ्यावर फेटे उडवायचे आणि मी मनात म्हणायची, अरे, तिकडे बघा, कमरेला ढोलकी बांधून मान खाली घालून उभा आहे त्याच्याकडे. पण ढोलकीवाल्याकडे कोण बघतं? फडात असताना झुंबरकडे कुणी बघितलं नाही. बोटं गेल्यावर सगळे बघायला लागले.

बोटं गेली चौऱ्याण्णवच्या जूनमध्ये. तमाशाचा हंगाम संपला की झुंबर नवरा-बायको लासुर्ण्याहून माळेगाव बुद्रुकला मेहुण्याच्या शेतावर कामाला जायचे. तिथे विजेवरची कडबाकुट्टी होती. पेंडी सारताना झुंबरचा उजवा हात आत गेला. तो ओढून काढायला डावा धावला, तर यंत्रानं डाव्याचाही घास घेतला. म्हाळसा गोठ्यात होती. तिनं पळत येऊन मोटार बंद केली. मग भुशात बसून एकेक बोट वेचलं, पदरात बांधलं आणि दवाखान्यात डॉक्टरांपुढे पदर उघडला. डॉक्टरांनी एकदा पदराकडे बघितलं आणि म्हणाले, “बाई, हे आता गुंडाळून ठेवा.”

आठवड्यानं आमचे फडमालक त्याला भेटायला आले. केळी आणली होती. उशाशी बसून डोळे पुसले, “सोन्यासारखा हात व्हता रं,” म्हणाले, आणि उठताना म्हाळसाला विचारलं, “ढोलकी कुठं ठिवलीया? नव्या पोराला सराव पायजे.” ढोलकी फडाची होती, ती ते घेऊन गेले. माणूस वाईट नव्हता. पुढच्या जत्रांच्या सुपाऱ्या घेऊन बसला होता, त्याला ढोलकी लागणारच. झुंबरच्या घरात खोड तडकलेली एक जुनी ढोलकी तेवढी राहिली. चोचीचा दांडा त्या खोडाचा होता.

रविंद्रनं त्याला दुकानात ठेवलं ते वायरी गुंडाळायला आणि गिऱ्हाइकाला पाणी द्यायला. पुढे सीडीचं मशीन आलं आणि रविंद्रचा जीव त्या चकत्यांत अडकला. कामाची पोरं भज्यांच्या हातांनी सीड्या धरायची, डाग पडायचे आणि लग्नाच्या ऐन मांडवात गाणं एकाच शब्दावर उड्या मारत बसायचं. झुंबर तीन आठवडे कोपऱ्यात बसून काहीतरी कोरत होता. चौथ्या आठवड्यात त्यानं चोच आणून काउंटरवर ठेवली.

“हे काय रं?” रविंद्रनं विचारलं.

“शेठ, सीडी उचलायची चोच. बोटं लागत न्हाईत.”

“सीडीला लागत न्हाईत का उचलनाऱ्याला?”

दुकानभर हशा पिकला. झुंबरही हसला. मग त्यानं चोचीनं सीडी उचलली, मशीनमध्ये ठेवली, काढली, परत पिशवीत सोडली. हसणारे पुढे सरकले. रविंद्र धंद्याचा माणूस, त्याच्या डोक्यात दुसराच दिवा पेटला.

त्या लग्नसराईपासून मांडवात अगदी पुढे टेबल टाकून झुंबरला बसवायला सुरुवात झाली. रविंद्र माइकवर पुकारायचा, “बोटं नसलेला मानूस सीडी बदलनार, बघा मंडळी!” पोरांच्या पैजा लागायच्या, पडती का न्हाय पडती. कुणी मुद्दाम टेबलाला गुडघा मारायचं. एकदा लासुर्ण्याच्याच एका वरबापानं भर मांडवात विचारलं, “झुंबर, त्या चोचीनं नाक शिंकरता येतं का रं?”

“येतं की,” झुंबर म्हणाला. “आना तुमचं फुडं.”

नवरीसुद्धा शालूत तोंड लपवून हसली. झुंबरला टाळी कळायची. ती कशासाठी पडते आहे ते कळूनही तो ती घ्यायचा. उपाशी नट ताटात काय वाढलंय ते बघत नाही.

त्या दुकानात शेकडो सीड्या आल्या-गेल्या. त्यातली एकच त्याची स्वतःची होती.

एक्क्याण्णव साली पळसदेवच्या जत्रेत आम्ही हजेरीला उभे होतो. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फडांनी देवापुढे थोडं गाऊन-नाचून दाखवायचं, ती हजेरी. उजनीचं पाणी उतरलं होतं, जुन्या देवळाचं शिखर बाहेर आलं होतं. माझी लावणी रंगात आली आणि जनरेटर बंद पडला. माइक गेले. गाणारणीचा आवाज गर्दीत बुडाला. झुंबर थांबला नाही. बारा मिनिटं नुसती ढोलकी आणि माझे चाळ. एवढी माणसं, पण कुणी खोकलं नाही. मध्येच पळसदेवचे श्रीपतराव, डाळिंबाचे मोठे बागायतदार, ज्यांना सगळे तात्या म्हणत, ते उभे राहून ओरडले, “वाजीव झुंबर! उजनी आटली तरी चालंल!”

हे सगळं एका टेपरेकॉर्डरवर उतरलं. टेप बुद्धघोष सरांचा. ते इंदापूरला कॉलेजात शिकवायचे. त्यांच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली, तेव्हापासून त्या घरात तमाशाचं नाव काढायची सोय नव्हती. सर चोरून यायचे आणि सेलवरचा टेप मांडीवर घेऊन पुढे बसायचे. माइक गेल्यामुळेच ते रेकॉर्डिंग निर्मळ निघालं. अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत सरांनी ती कॅसेट पुण्याला मित्राकडे नेऊन तिची सीडी करून आणली. करता करता कॅसेटची जुनी पट्टी मशीनमध्ये गुंडाळून तुटली. राहिली ती एक सीडी. चंदेरी, कोरी, तिच्यावर नाव ना गाव.

सरांनी ती झुंबरच्या हातात दिली नाही. काउंटरवरच्या चुंबळीवर ठेवली आणि म्हणाले, “उचला, झुंबरराव.”

मी त्या वेळी दुकानात होते. झुंबरनं चोच तीनदा पुसली. सीडी मशीनमध्ये गेली आणि सात वर्षांपूर्वीची ती सकाळ दुकानात उभी राहिली. झुंबर स्टुलावर बसला होता. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा मांडीवर हलत होता, आणि गेलेल्या चार बोटांच्या जागी पार कोपरापर्यंतच्या शिरा उडत होत्या. माझे चाळ ऐकून मी रडले. तो रडला नाही. बारा मिनिटं संपल्यावर म्हणाला, “सातव्या मिंटाला घाई केली मी.”

पुन्हा ती सीडी दुकानात वाजली नाही. रविंद्र म्हणायचा, “नुसत्या ढोलकीनं गिऱ्हाईक पळतं.” म्हाळसानं तिच्यासाठी तीन पदरी पिशवी शिवली आणि झुंबर ती घरी पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायला लागला. अधूनमधून श्रीपतराव बारामतीला आले की दुकानात डोकावत आणि चारचौघांत छाती ठोकून सांगत, “हज्जार ढोलक्या वाजू द्या. त्यातली झुंबरची कुठली, ते मी डोळं झाकून सांगीन!”

हे वाक्य झुंबर पुन्हा पुन्हा मला ऐकवायचा. रविंद्र हसू दे, पोरं टेबल हलवू देत. पळसदेवात एक माणूस होता, ज्याच्या कानात झुंबर अजून दहा बोटांचा होता.

नव्याण्णव साली इंदापूरच्या एका मंडळानं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या कलावंतांचा सत्कार ठरवला. नावं मला विचारली. मी पहिलं नाव झुंबरचं सांगितलं. तो म्हणाला, “बाई, शाल नको, नारळ नको. माझी बारा मिंटं पुरी वाजवा. आन् तात्यांना फुडं बसवा. येवडंच.”

मंडळानं कबूल केलं. त्याला हवं होतं ते एवढंच होतं: ज्या लोकांनी त्याला जत्रेतल्या माकडासारखं बघितलं, त्यांनी एकदा त्याचे गेलेले हात ऐकावेत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मी त्याच्या तयारीसाठी लासुर्ण्याला गेले. खंडेनवमी हा हत्यारांचा दिवस. त्या दिवशी आमच्याकडे कोयते, विळे, पाने, पकडी, सगळं घासूनपुसून पाटावर मांडतात आणि हळदी-कुंकू लावतात. झुंबर रविंद्रच्या दुकानातल्या पूजेला गेला होता, दुपारपर्यंत यायचा होता. म्हाळसा परसात मोरीपाशी बसली होती. शेजारी राख, चिंच आणि नारळाच्या शेंडीचा बोळा.

“या बाई, या! बघा, चोच कशी उजाळली. काड्या न् काड्या घासून काढल्या.”

चोच खरोखर नवी दिसत होती.

“आन् ही बी,” ती म्हणाली आणि तुळशीच्या कट्ट्याकडे बोट दाखवलं.

मला आधी काही दिसलंच नाही. मग हळदीकुंकवाची पाच बोटं दिसली, हवेत उमटल्यासारखी. त्यांच्या मागे तुळशीचं खोड स्वच्छ दिसत होतं. मी जवळ गेले. ती सीडी होती. तिच्यातून आरपार दिसत होतं. चंदेरीचा एक कणसुद्धा उरला नव्हता.

“कल्हई कच्ची हुती वो,” म्हाळसा सांगत होती. “वरनं राखेनं जरा घासली, तर पापुद्रंच सुटायला लागलं. म्हनलं, अर्धवट दिसंल, सगळीच काढून टाकू. आता उद्या बारामतीच्या कल्हईवाल्याकडनं नवी लावून आनली की झालं. परवा एवढ्या लोकांत जायाची, मळकी कशी न्यायची?”

मी कट्ट्यापाशी खाली बसले. तिला वाटलं, मी रागावले.

“बोट न्हाय लावलं हां बाई!” ती घाईनं म्हणाली. “त्यांचा नेम म्हाईत हाय मला. चोचीतच धरून घासली. हळदी-कुंकू तेवढं बोटानं लावलं, ते देवाचं असतं.”

मी उठले, गावातल्या एसटीडी बूथवर गेले आणि नांदेडला फोन लावला. बुद्धघोष सरांची जूनमध्ये तिकडे बदली झाली होती. दुसरी प्रत आहे का विचारलं, तर सरांनी मला सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, “बाई, संगणकावर एवढी जागा नसते. सीडी झाल्यावर मित्रानं ते पुसून टाकलं. माझ्याकडे काहीही नाही.”

परत आले तेव्हा झुंबर परसात उभा होता. त्यानं सीडीला हात लावला नव्हता. पाटावरची चोच उचलली, धोतराला पुसली, काड्या भोकात घातल्या आणि नेहमीसारखी सीडी अलगद उचलली. कडेला बोट लागू न देता. ती डोळ्यापुढे धरली आणि तिच्यातून म्हाळसाकडे बघितलं. किती वेळ, ते मला सांगता येत नाही. रंगमंचावर इतका वेळ कुणी गप्प उभं राहिलं तर लोक चपला मारतात.

“काय झालं वो?” म्हाळसानं विचारलं. “लावतील की कल्हई?”

“न्हाय लावत,” तो म्हणाला. “आत वाजवनारा हुता. त्याला घासून काढला तू.”

मग त्यानं सीडी परत तीन पदरी पिशवीत सोडली. आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. ते केलं असतं तर म्हाळसाला रडता तरी आलं असतं. तिनं जेवायला ताटं मांडली. झुंबरनं त्यातलं आपलं ताट उचललं आणि मोरीवर गेला. तिनं घासलेलं ताट त्यानं पुन्हा घासायला घेतलं. ताट एका अंगठ्यात आणि दोन बोटांत ठरेना, घरंगळायचं, दगडावर आपटायचं. शेजारची कुशाबाई कुंपणावरून बघत होती.

“अगं म्हाळसा, नवऱ्याला भांडी घासाया लावती व्हय? त्या हातांनी?”

“ती लई घासती,” झुंबर कुशाबाईला म्हणाला. “तिच्या हातावर इस्वास न्हाय ऱ्हायला.”

ज्या हातांनी त्याची बोटं भुशातून वेचली होती, ते हात पदरात लपवून म्हाळसा दारात उभी होती. त्यानं स्वतः वाढून घेतलं, जेवला, आणि ताट पुन्हा स्वतः घासलं.

निघताना तो वेशीपर्यंत माझ्याबरोबर आला. म्हणाला, “बाई, परवा मी येतो. मीच सांगतो लोकास्नी, की सीडी ऱ्हायली न्हाय. तात्या हाईत फुडं. त्यांनी दोन शब्द बोलावं, कसा वाजवायचो त्ये. त्यांच्या कानात हाय माजं वाजवनं. तितंच काय ते ऱ्हायलंय आता.”

मी “बरं” म्हणाले. इथे थांबले असते तर बरं झालं असतं.

पण मी जन्मभर रिकामा रंगमंच बघू न शकणारी बाई. मला रात्रभर दिसत राहिलं: झुंबर उभा आहे, वाजायला काही नाही, आणि मागची पोरं ओरडतायत, “चोच दाखीव!” दसऱ्याला सोनं वाटायला म्हणून मी बारामतीला गेले आणि रविंद्रला गाठलं. तो म्हणाला, “हात्तिच्या! ढोलकीची दुसरी सीडी हाय की माझ्याकडं. मुंबईच्या कुनाची तरी. ढोलकी ती ढोलकी. कोन वळखनार?” त्याच्या मनात खोट नव्हती. माझ्याही नव्हती. आम्ही दोघांनी मिळून ते ठरवलं, आणि झुंबरला सांगायचं राहू दिलं.

इंदापूरचा हॉल सकाळी अकराला भरला होता. साउंड रविंद्रचं होतं. झुंबर पांढऱ्या सदऱ्यात आला, खिशात चोच, काखेत ती तीन पदरी पिशवी. म्हाळसा आली नाही, त्यानं आणली नाही. पहिल्या रांगेत श्रीपतराव गुलाबी फेटा बांधून, काठीवर हनुवटी टेकवून बसले होते. नाव पुकारल्यावर झुंबर वर गेला. माइक अंगठ्यानं छातीशी दाबून धरला. बोलायला तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी रविंद्रनं बटण दाबलं.

ढोलकी कडाडली. झकास वाजवत होता कुणीतरी, तयारीचा माणूस होता. झुंबरचं तोंड तसंच उघडं राहिलं. त्यानं आधी मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

दोन मिनिटं झाली, चार झाली. लोक ठेका धरून टाळ्या द्यायला लागले. लग्नाच्या मांडवात ज्यांनी टेबलाला गुडघे मारले होते, ती पोरंही मागे शिट्ट्या वाजवत होती. आणि श्रीपतराव उठले. डोळे मिटलेले, गालांवर पाणी. काठी टेकत पायऱ्या चढून वर गेले आणि त्यांनी झुंबरला मिठी मारली. माइक दोघांच्या मध्ये होता, त्यामुळे सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

“हाच! हाच त्यो हात! डोळं झाकून सांगतो मी, हज्जारात सांगतो! पळसदेवची सकाळ हाय ही. अन् माजा आवाज बी हाय त्यात, ऐकला का न्हाय तुमी? ‘उजनी आटली तरी चालंल,’ आत्ताच येऊन गेलं बघा!”

हॉल उभा राहिला. झुंबर मिठीत तसाच ताठ उभा होता. त्याचा चेहरा मला श्रीपतरावांच्या फेट्याच्या वर दिसत होता. कडबाकुट्टीतून काढून आणल्यावर दवाखान्यात मी त्याला बघितलं होतं, तेव्हाही तो असा दिसत नव्हता.

“बोला की झुंबरराव,” मंडळाचा माणूस म्हणाला.

झुंबर माइकवर म्हणाला, “तात्या म्हनत्यात, म्हंजी तसंच असंल.”

टाळ्या थांबेनात. सीडी संपल्यावर तो मशीनपाशी गेला, खिशातून चोच काढली आणि ती परकी सीडी सगळ्यांच्या देखत अलगद उचलली, उंचावरून, मागच्या रांगेला दिसेल अशी. ती घेऊन तो श्रीपतरावांकडे आला. त्यांच्या दोन्ही तळहातांवर ती सोडली आणि म्हणाला, “घ्या तात्या. घरी ऐका.”

“बोटं लागतील की रं माजी!”

“लागू द्या.”

आम्ही एकाच जीपनं लासुर्ण्याला आलो. साऱ्या वाटेत तो माझ्याशी बोलला नाही. शाल आणि नारळ मांडीवर होते. दारात म्हाळसा उभी होती. दोन दिवसांत वाळली होती. शाल बघून तिचा जीव जरा खाली पडला असावा.

“वाजली का?” तिनं विचारलं.

मी झुंबरकडे बघितलं.

“वाजली,” झुंबर म्हणाला.

“कल्हई नसताना?”

“कल्हईचं काय न्हाय. आत असतं ते ऱ्हातं. तात्या रडलं. समदी लोकं उठून उभी ऱ्हायली.”

“बघा!” म्हाळसा मला म्हणाली आणि ढसाढसा रडायला लागली. “मी काय वाईट केलं हुतं का? लख्ख करून दिली हुती!”

झुंबरनं मोरीवरचं ताट उचलून तिच्यापुढे धरलं आणि म्हणाला, “वाढ.” त्या दिवशी तो तिच्या हातचं जेवला. त्यानंतर दर खंडेनवमीला म्हाळसा ती काचेसारखी सीडी चोचीत धरून घासायची, पाटावर मांडायची आणि तिला पाच बोटं ओढायची. तो शेजारी उभा राहून नमस्कार करायचा. तिला त्यानं कधीच काही सांगितलं नाही.

मला मात्र तो बसा म्हणाला नाही.

महिन्याभरानं मी बारामतीला दुकानात गेले. झुंबर सीडी बदलत होता, बाहेर चार माणसं बघत उभी होती. मी बोलले, माफी मागितली, बावीस वर्षांची शपथ घातली. त्यानं मान वर केली नाही. वळताना माझ्या पदराचा धक्का लागून काउंटरवरची एक सीडी खाली पडली. मी ती उचलायला वाकले.

“हात नका लावू, बाई,” तो म्हणाला, आणि चोच घेऊन खाली बसला.